पदवीचं पारडं

भोपळगडच्या सिद्राम तेल्यानं पोराच्या फीपायी घाण्याचा बैल विकला, आणि पोराचा पहिला पगार हातात पडला एक ढब्बू पैसा!

त्याचं असं झालं. राजे फत्तेसिंहांनी वाड्यात विजेचे दिवे आणले आणि पाठोपाठ विजेच्या इंजिनिअरिंगचं विद्यालयही काढलं. महाराजांना तराजूचं भारी वेड. जे काही करायचं ते तोलून. प्रवेशाच्या दिवशी पोराला एका पारड्यात बसवायचं आणि दुसऱ्यात तांब्याचे पैसे ओतायचे, काटा मध्ये येईस्तोवर. ती फी! मग काय, गावोगावचे बाप प्रवेशाआधी पोरांना नुसत्या ताकावर ठेवू लागले. एकानं तर पोराला डोकं भादरून, नखं काढून आणलं. पण सिद्रामचा मल्हारी पडला तेल्याच्या घरचा. त्याला ताकसुद्धा अंगी लागायचं! बैल गेला, आईच्या पाटल्या गेल्या, तेव्हा कुठे काटा हलला.

पदवी घेऊन मल्हारी वाड्यातल्याच दिव्यांवर कामाला लागला. पगारही तोलूनच. फक्त आता पारड्यात पोरगं नाही, त्याच्या पदवीचा कागद!

मल्हारीची धाकटी बहीण भिवरा. बैल गेल्यापासून घाण्याच्या लाकडाला एकीकडून ती आणि दुसरीकडून आबा खांदा लावत. विजेमुळं वाड्यातल्या दिवट्या विझल्या, तेलाचं गिऱ्हाईक निम्मं झालं, म्हणून तर दादाला ही विद्या शिकवली. तो ढब्बू पैसा तिनं उलटापालटा करून पाहिला आणि पदर खोचला.

"आबा, मी वाड्यावर जाते."

"अगं, राजाशी कुठं भांडतेस?"

"भांडत नाही. हिशेब समजून घेते."

दरबारात तिला बघून महाराज गादीवर सावरून बसले. सावरायला जरा वेळच लागायचा, कारण देह गडाच्या नावाला शोभेल असा होता.

"काय गं पोरी, आमच्या पदवीबद्दल तक्रार? अनमोल पदवी आहे ती!"

"अनमोल आहे तर मग तोलता कशाला, सरकार?"

कोपऱ्यात कुणीतरी खुदकन हसलं. दिवाण नरहरपंतांनी डोळे वटारले. महाराजांचा हट्टी स्वभाव उसळला.

"असं? मग तूच तोलून दाखव! एका पारड्यात तुझा भाऊ, दुसऱ्यात त्याची पदवी. दुसरं काही ठेवायचं नाही. काटा मध्ये आला तर सगळी फी परत. नाही आला तर तुमचा घाणा सरकारजमा!"

मागोमाग आलेल्या सिद्रामनं तिचा हात धरून मागं ओढलं. बैल गेला तरी घाणा होता. तोही गेला तर चूल कशावर पेटायची? भिवरा हात सोडवून पुढं झाली आणि म्हणाली, "चालेल. पण सरकार, तराजू तुमच्या वाढदिवसाच्या तुलेचा हवा. मोठा."

तराजू आला. मल्हारीला पदवीसकट बोलावून आणलं, तो एका पारड्यात बसला. पारडं धाडकन खाली! दुसऱ्यात भिवरानं पदवी ठेवली. ती वरच्या वर तरंगत राहिली. दरबार खो खो हसला.

"हरलीस!" महाराज मांडीवर थाप मारून म्हणाले.

"थांबा, सरकार. या कागदावर शिक्का कुणाचा?"

"आमचा! दुसऱ्या कुणाचा असणार?"

"गेल्या वाढदिवसाला आपण कुठं होता?"

"समुद्रावर हवा खायला. का?"

"आणि गुळाची तुला तर झाली. मीही आमच्या घरचा गूळ घेऊन आले होते. पारड्यात महाराज नव्हते, मग कोण होतं, दिवाणजी?"

नरहरपंतांनी उपरणं सारखं केलं. "शिक्का मारलेला कागद ठेवला होता. रीतच आहे. जिथं महाराजांचा शिक्का, तिथं महाराज."

"पहिल्याच ढेपेला गुळाचं पारडं जमिनीला टेकलं. तरी तुम्ही घरोघरचा गूळ ओतून घेतच राहिलात. मी विचारलं, अहो, काटा बघा की! तेव्हा काय म्हणालात?"

नरहरपंत छताकडे बघू लागले.

"बोला, पंत!" महाराज गरजले.

"म्हणालो... काट्याकडे बघू नकोस, शिक्क्याकडे बघ."

भिवरानं हात जोडले. "मग सरकार, आज आपणही काट्याकडे बघू नका, शिक्क्याकडे बघा! गूळ घेताना शिक्क्याचा कागद महाराजांएवढा भरला. पगार देताना तोच कागद ढब्बू पैशाएवढा कसा होईल? आणि खरंच तेवढाच असेल, तर साऱ्या गावाचा गूळ परत द्यावा लागेल."

महाराजांना गूळ आठवला. त्याचे लाडू तर केव्हाच पोटात गेले होते!

"पण... पण काटा मध्ये कुठं आलाय?" ते कसेबसे म्हणाले.

"कसा येईल? दादा कितीही जाडा असला तरी महाराजांपुढं काडीच! पदवीचंच पारडं जड झालंय, सरकार. काटा मध्ये आणायचा तर दादाच्या बाजूला कमी पडणारे पैसे आपणच टाकायला हवेत."

महाराजांनी आपल्या पोटाकडे पाहिलं, मल्हारीकडे पाहिलं, आणि मग त्यांना असं हसू फुटलं की गादी हलली, लोड गडगडत खाली गेला.

"पंत, फी परत करा! पगार आजपासून कामाचा द्या, कागदाचा नको. आणि पोरी, आमच्याच शिक्क्यानं आम्हाला तोललंस! माग, काय हवं ते माग!"

"विद्यालयात मलाही घ्या. आणि घाण्याला बैल द्या."

"दिला! आपल्या गोठ्यातला सगळ्यात दांडगा बैल! पंत, हिला गोठ्याकडे घेऊन जा."

"चालेल, सरकार," भिवरा आबांचा हात धरून निघता निघता म्हणाली, "फक्त पंतांना तो तोलून द्यायला सांगू नका, नाहीतर घरी पोचेपर्यंत त्याचं कोकरू व्हायचं!"