गुणगुणणाऱ्या सुऱ्या

आलात सगळी? या, जवळ सरका. नंदे, गोधडी एकटीनंच ओढू नकोस, धाकट्यालाही दे थोडी. हं. आता ऐका.

नदीला मोठं वळण येतं ना, तशा एका वळणावर एक गाव होतं. त्या गावात राहायचा एक साळी. साळी म्हणजे मागावर कापड विणणारा, बरं का. त्याचं नाव हैबती. नाव ऐकून वाटेल, केवढा दांडगा असेल! पण हैबती होता काडीसारखा, आणि स्वभावानं इतका मऊ की अंगावर बसलेल्या माशीलासुद्धा म्हणायचा, "जा हं बाई, उडून जा." त्याच्या बायकोचं नाव मैना. दोघं दिवसभर माग चालवायची. धोतरं विणायची, लुगडी विणायची. त्यावरच त्यांचं घर चालायचं.

पण हैबतीला एक नाद होता. सुऱ्या करायचा. लहानपणी गावाबाहेर फिरते लोहार उतरले होते, तेव्हा हा त्यांच्या भात्यापाशी जाऊन बसायचा. उठायचं नावच नाही. निघताना त्यांनी त्याला एक टवका उडालेली ऐरण देऊन टाकली. ती त्यानं परसात पेरूच्या झाडाखाली ठेवली. मग काय! मागाचं काम आटपलं की हैबती परसात. कुठून नांगराचा मोडका फाळ आणायचा, तो तापवायचा, ठोकायचा, पुन्हा तापवायचा. कानशीनं घासायचा, सहाणेवर धार लावायचा, लाकडाची मूठ बसवायचा. असं सवडीसवडीनं एका सुरीला महिना लागायचा. आणि काम करताना तो गुणगुणायचा. त्याचं त्यालाही कळायचं नाही.

पहिली सुरी त्यानं मैनेला दिली. मैनेनं त्या सुरीनं वांगं चिरायला घेतलं, आणि काय झालं असेल? सुरी गुणगुणली! खरंच सांगते. अगदी हळू, मधमाशी फुलात शिरताना करते ना, तसं. मैना दचकली, मग हसली, मग तिनं उगाचच आणखी चार वांगी चिरली. त्या दिवशी घरात भरीत, भाजी, काप, सगळी वांगीच वांगी!

अशी गोष्ट लपून राहते थोडीच?

दुसऱ्या दिवशी शेजारची गोजाबाई कुंपणाशी आली. म्हणाली, "हैबती, मला पण एक कर की रे तसली. तुला तर हौसच आहे. बसल्या बसल्या होईल." हैबतीला वाटलं, खरंच, आपल्याला हौस आहे. त्यानं करून दिली.

मग पाटील आले. "लेकीच्या रुखवतात ठेवायला एक सुरी हवी. तुझी आठवण राहील तिला." हैबतीनं करून दिली.

मग एक जण आला, त्याला हैबतीनं जन्मात कधी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "मी तुझ्या मावशीच्या जावेचा भाऊ. आपल्याआपल्यात कसले आढेवेढे?" हैबतीनं त्यालाही करून दिली.

आणि मग रांगच लागली. कुणाला मूठ लांब हवी, कुणाला आखूड. कुणी म्हणे, "पाटलांची लवकर झाली, माझीच का राहिली?" सुरी मागताना कुणी कोळसा आणला नाही, कुणी लोखंड आणलं नाही. "दमलास का रे?" एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही. हैबती सकाळी उठून परसात जायचा तो दिवस मावळेपर्यंत ठोकतच राहायचा. माग एकट्या मैनेवर पडला. अर्धवट विणलेल्या लुगड्यावर धूळ बसली. लोक कापडासाठी दुसऱ्या साळ्याकडे जायला लागले. घरात एक वेळची भाकरी निम्मी झाली.

आणि हैबतीचं गुणगुणणं थांबलं. कधी थांबलं, त्याचं त्यालाही कळलं नाही. नव्या सुऱ्या चिरायच्या, पण गप्प.

इतक्यात सुऱ्यांची बातमी राजाच्या कानावर गेली. प्रधान घोड्यावर बसून आला. "हैबती, महाराजांना तीन सुऱ्या हव्यात. एक त्यांना, एक राणीसाहेबांना आणि एक मला. राजवाड्यात तुझं नाव होईल. याहून जास्त काय हवं माणसाला?"

हैबतीला हवी होती झोप. पण तो म्हणाला, "बरं."

त्यानं तीन सुऱ्या केल्या आणि राजवाड्यात नेऊन दिल्या. राजानं मोठ्या हौसेनं आंबा चिरला. सगळे कान देऊन बसले. सुरी गप्प. राणीनं काकडी चिरली. गप्प. प्रधानानं तर भोपळाच आणला. तरी गप्प!

राजा लालबुंद झाला. "गावातल्या बायांना गाणाऱ्या सुऱ्या आणि राजाला मुकी? आठ दिवस देतो. गाणारी सुरी आण. नाहीतर तुझी ऐरण तळ्यात बुडवीन आणि तुम्हा दोघांना राज्याबाहेर घालवीन!"

हैबती घरी आला. मैना कांदा चिरत होती, तिच्या त्या पहिल्या सुरीनं. सुरी आपली गुणगुणत होती. हैबती चुलीपाशी बसला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मैना म्हणाली, "कांदा झोंबला का?"

"नाही गं. मला ते गाणंच आठवत नाही."

मैनेनं सुरी खाली ठेवली. "अहो, कसं आठवेल? तुमची हौस होती, लोकांनी तिची वेठ करून टाकली. आणि तुम्ही एकालाही नाही म्हणाला नाहीत."

"लोक म्हणाले असते, हैबतीला गर्व झाला."

"म्हणू देत. त्यांना काय म्हणायचं ते म्हणतील आणि जेवायला आपापल्या घरी जातील. आपल्या घरात काय शिजतंय ते बघा." मग ती जवळ येऊन बसली. "उद्या राजाकडे जा आणि खरं काय ते सांगा. घालवलंच त्यानं राज्याबाहेर, तर माग उचलू आणि जाऊ. दोघं आहोत ना?"

दुसऱ्या दिवशी हैबती दरबारात उभा राहिला. राजानं विचारलं, "आणलीस सुरी?"

"नाही, महाराज."

"मग कधी आणणार?"

"नाही आणणार, महाराज."

राजाला आजवर कुणी 'नाही' म्हणालंच नव्हतं. त्याला रागवायचंही सुचेना. "म्हणजे काय?" त्यानं विचारलं.

हैबती म्हणाला, "महाराज, गाणं लोखंडात नसतं. मी खुशीत असलो की ते आपोआप सुरीत उतरतं. धाकानं सुरी होईल, गाणं होणार नाही. खोटं वाटत असेल तर तीन दिवस माझ्या परसात येऊन बसा. आपण दोघं मिळून लिंबू चिरायची एक छोटीशी सुरी करू. नाही गायली, तर ऐरण तुमची."

राजा होता हट्टी, पण मनानं वाईट नव्हता, बरं का. तो म्हणाला, "येतो!"

पहिल्या दिवशी राजानं भाता ओढला. घटकाभरातच हातांना फोड आले. "हे रोज करतोस तू?" त्यानं विचारलं. हैबती म्हणाला, "रोज." राजानं फोडांवर फुंकर मारली आणि पुन्हा भाता धरला.

दुसऱ्या दिवशी ठिणगी उडाली आणि राजाची डावी मिशी जळाली. प्रधान धावत आला, पण राजाच खो खो हसत सुटला. मैनेनं त्याला ताक दिलं, मिशीला लोणी लावलं. राजाचं हसणं ऐकून हैबतीलाही हसू आलं. किती महिन्यांनी! आणि हसता हसता त्याच्या ओठांवर गाणं आलं. कसं होतं माहीत आहे?

ठिणगी गं ठिणगी, उडू नको लांब,
लोखंडाला पेंग आली, जरा वेळ थांब.

तिसऱ्या दिवशी मात्र गंमत झाली. राजा भाता ओढता ओढता स्वतःच गायला लागला. आता, राजाचा आवाज म्हणजे काय सांगू! फुटक्या घागरीत बेडूक बसावा ना, तसा. लहानपणी सगळे हसले होते म्हणून त्यानं गाणंच सोडलं होतं. पण इथं कोण हसणार? हैबती ठोकत होता, राजा गात होता, मैना मागावर ताल धरत होती. सुरी तापली, पाण्यात बुडाली, चर्र झालं. धार लागली, मूठ बसली.

मैनेनं लिंबू आणलं. राजानं डोळे मिटून सुरी चालवली.

आणि सुरी गायली! पण कशी? थेट राजाच्या आवाजात! भसाड्या, बेसूर, पण अगदी आनंदात!

पेरूच्या झाडावरचे पोपट भुर्रकन उडाले. कुंपणापलीकडून गोजाबाई ओरडली, "अगं बाई, कोणाचं रेडकू हरवलं?" राजाच्या डोळ्यांत मात्र पाणी. तो लिंबू चिरतच राहिला, चिरतच राहिला. टोपलीभर लिंबं झाली.

मग राजानं हैबतीचे हात हातात घेतले. फोड आलेले हात फोड आलेल्या हातांत. तो म्हणाला, "मी मागत होतो आणि मला ठाऊकच नव्हतं काय मागतोय. चुकलो."

आणि त्यानं दवंडी पिटवली. ज्याला हैबतीची सुरी हवी असेल त्यानं आधी विचारायचं, सवड आहे का? तो हो म्हणाला, तर लोखंड आणि कोळसा आपला आणायचा, तीन दिवस भाता ओढायचा आणि आपल्या हातचं काहीतरी त्याला द्यायचं. तो नाही म्हणाला, तर हसत घरी जायचं.

निम्मे लोक तर भात्याचं नाव ऐकूनच पळाले. मावशीच्या जावेचा भाऊ पुन्हा कधी दिसला नाही. पण गोजाबाई आली. पदर खोचून भाता ओढला, नाचणीचे डबाभर पापड दिले आणि नवी सुरी घेऊन गेली. पाटील आले, त्यांना हैबती म्हणाला, "आत्ता नको, लुगडं विणायचं आहे." पाटील म्हणाले, "बरं, दिवाळीनंतर येतो." बघा, एवढं सोपं होतं!

मागावरची धूळ झटकली गेली. लोक पुन्हा कापडाला आले. चुलीवर दोन्ही वेळा भाकरी फुगायला लागली. तिकडे राजवाड्यात राजा रोज पंगतीत स्वतः लिंबू चिरायचा आणि राणी कानांत बोटं घालून हसायची.

हैबती, मैना, राजा, राणी, सगळी आनंदात राहिली, पोटभर जेवली, गाढ झोपली. आता तुम्हीही झोपा. धाकटा तर केव्हाच झोपलाय बघा. नंदे, कूस वळव. मिटा डोळे.