न्हाव्याचे चार गुरुवार

एका गावात सगळ्या पुरुषांनी दाढ्या राखल्या होत्या. कुणाला वैराग्य आलं होतं म्हणून नव्हे. गावचा न्हावी दारू प्यायचा, म्हणून.

न्हाव्याचं नाव हणमंता. हात मूळचा इतका हलका, की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागायचं. पण दारूनं हाताला थरथर लावली. वस्तरा गालाशी येताना दिसला, की लोकांना शेतातली कामं आठवत. सरपंचांची मिशी अर्धीच उरली, त्या दिवसापासून दुकानात फक्त माशा बसू लागल्या.

दिवाळीला लेक शेवंता बाळाला घेऊन माहेरी आली. गुढीपाडव्याला बाळाचं जावळ काढायचं होतं. बाळ मामाच्या मांडीवर आणि वस्तरा आजोबांच्या हातात, हे हणमंतानं कधीच ठरवून टाकलं होतं. शेवंतानं एक फुगा फुगवला, त्याला साबणाचा फेस फासला आणि बापापुढं धरला. नवशिक्याचा हात असाच बसवतात. हे तिला लहानपणी बापानंच दाखवलं होतं.

"काढा फेस, बाबा."

वस्तरा टेकला आणि फट्! बाळ दचकून रडू लागलं.

"याला एकच डोकं आहे," शेवंता म्हणाली. "तालुक्याला स्टँडजवळ दर गुरुवारी दुपारी दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते. तिथं जा. गुढीपाडव्याला मी दुसरा फुगा आणीन. तोही फुटला, तर जावळ तालुक्याच्या सलूनमध्ये!"

सलून! हणमंताच्या काळजावरून वस्तरा फिरला.

पहिल्या गुरुवारी तो निघाला. कुणी ओळखू नये म्हणून तोंडाला टॉवेल गुंडाळला. एक डोळा तेवढा उघडा. स्टँडवर एका बाईंना त्यानं हळूच विचारलं, "इथं बैठक कुठं भरते?"

"कसली?"

"अशीच... सुधारायची."

बाईंनी त्याला थेट बचत गटात नेऊन बसवलं. तिथं दोन तास उडदाच्या पापडावर माहिती दिली गेली. दारूचा विषय आता निघेल, मग निघेल, म्हणून हणमंता मन लावून ऐकत राहिला. शेवटी पापडांचं पुडकं घेऊन परत फिरला आणि त्या दुःखात वाटेवरच्या गुत्त्यात शिरला. गुत्ता मात्र न विचारता सापडला. चकण्याला पापड होतेच.

दुसऱ्या गुरुवारी त्यानं विचारलं, "माणसाचं नवं आयुष्य सुरू होतं, ते ठिकाण कुठलं?" लोकांनी त्याला वधू-वर मेळाव्यात धाडलं. शेजारच्या लाल नाकाच्या वधूपित्यानं चौकशी केली, "मुलगा काय करतो?"

"त्याचं लग्न झालंय."

"मग स्थळ काय तुम्हाला बघायचंय?"

हणमंता जो उठला, तो गुत्त्यातच बसला.

तिसऱ्या गुरुवारी तो भजनी मंडळात पोचला. तिथं त्याच्या हातात टाळ दिले. हात थरथरत होते, टाळ आपोआप वाजत होते. बुवा खूश झाले. "काय लय आहे! पुढच्या खेपेलाही या."

घरी येऊन तो हिरमुसून जेवायला बसला. "बैठक सापडतच नाही," म्हणाला. नवी सून कुंदा चुलीपाशी होती. घरात तिचा आवाज अजून फारसा कुणी ऐकला नव्हता.

"मामंजी," ती म्हणाली, "तुम्ही पिता हे पंचक्रोशीला ठाऊक आहे. सोडणार आहात, तेवढंच गुपित ठेवलंय."

एवढं बोलून तिनं भाकरी उलटली.

हणमंताला ते पटलं. वीस वर्षं तो परक्या गावात भर रस्त्यात ओरडून गुत्त्याचा पत्ता विचारत आला होता. एकदा तर अंत्ययात्रा थांबवून विचारला होता.

चौथ्या गुरुवारी टॉवेल घरी राहिला. स्टँडच्या मधोमध उभं राहून हणमंता गरजला, "अहो, दारू सोडणाऱ्यांची बैठक कुठं भरते?"

कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर थांबला. मग पेरूवाली म्हणाली, "ते काय समोर, शाळेचं निळं दार. तीन आठवडे त्यालाच टेकून तर टॉवेल सारखा करताय!"

हणमंता दाराकडं निघाला. मागं पावलं वाजली म्हणून त्यानं वळून पाहिलं. बचत गटातल्या बाई नवऱ्याचा दंड धरून येत होत्या. मागं लाल नाकाचे वधूपिते. आणि सगळ्यांच्या मागं खाली मान घालून भजनी बुवा.

"तीन वर्षं शोधतोय हो," बुवा पुटपुटले. "पण विचारणार कुणाला?"

एका बैठकीनं हात थांबला नाही. गुरुवारामागून गुरुवार गेले. मध्ये संक्रांतीला एकदा पाय घसरला. हणमंतानं तेही बैठकीत मोठ्यानंच सांगितलं आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली.

पाडव्याला शेवंता फुगा घेऊन आली. बघायला सगळं दाढीवालं गाव लोटलं. वस्तरा वरून खाली आला. पुन्हा आला. फेस सगळा निघाला. फुगा तसाच, गुळगुळीत. शेवंतानं डोळे पुसले आणि बाळाला मामाच्या मांडीवर ठेवलं.

"बसता का सरपंच?" कुणीतरी डिवचलं.

"आधी बाळाचं होऊ दे," सरपंच म्हणाले. "मग बघू."

जावळ निम्मं निघालं आणि बाळ चक्क घोरू लागलं. सरपंचांनी दाढी खाजवली आणि मुकाट्यानं पहिला नंबर लावला.

तात्पर्य: बिघडायची वाट ज्या आवाजात विचारली, सुधारायची वाटही त्याच आवाजात विचारावी. लाज झाकायला बांधलेला टॉवेल आधी आपलेच डोळे झाकतो.