हरणीची घरची फेरी

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात मोटारी बनवणारा एक माणूस होता. हो, मोटारीच! बैलगाड्या नव्हेत. अण्णा पांचाळ त्याचं नाव. तरुणपणी तो बोटीनं अमेरिकेला गेला, तिथल्या एका मोटारीच्या कारखान्यात वर्षानुवर्षं राबला आणि परत येताना पेटीत सुटाबुटाऐवजी पाने आणि नटबोल्ट भरून घेऊन आला. गावानं त्याला वेड्यात काढलं. मग एका सकाळी त्याच्या पत्र्याच्या शेडमधून खरीखुरी मोटार फुर्रर्र करत बाहेर पडली आणि गावाची बोलतीच बंद झाली. त्या मोटारीचं नाव त्यानं ठेवलं हरणी. पुढं त्या शेडचा कारखाना झाला आणि तिथून निघणारी प्रत्येक मोटार हरणीच झाली.

अमेरिकेतून अण्णानं आणखी एक गोष्ट आणली होती, ती पेटीत मावणारी नव्हती. तिथला त्याचा म्हातारा मालक नवी गाडी बाजारात धाडण्याआधी तिच्यात आपली बायकापोरं बसवायचा आणि सगळ्यांदेखत टेकडी उतरून दाखवायचा. अण्णाला हे फार पटलं. इथं आल्यावर त्यानंही तेच सुरू केलं. दसऱ्याच्या आधी नव्या हरण्यांची रांग लागली की त्यातली एक बाहेर काढायची, तिच्यात घरची माणसं बसवायची, घाट चढायचा आणि उतरायचा. लोक याला घरची फेरी म्हणायचे. अण्णाची बायको मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसायची आणि खाली आल्याआल्या नवऱ्याला चार शब्द सुनावायची. लोक पोट धरून हसायचे. आणि मग दसऱ्याला झेंडूची माळ घालून, चाकाखाली लिंबू ठेवून, अगदी बिनघोर हरणी घरी न्यायचे.

अण्णा गेला. कारखाना त्याच्या मुलाच्या, रंगरावाच्या हाती आला. रंगराव काही वाईट माणूस नव्हता बरं का. कामाला वाघ होता. फक्त त्याला कुणाला नाही म्हणता येत नसे. त्या वर्षी दसऱ्यासाठी एवढ्या गाड्यांची मागणी आली की कारखान्याला श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही, आणि हा सगळ्यांना "देतो, देतो" म्हणून बसला.

आता हरणीच्या ब्रेकमध्ये एक खीळ असे. बोटाएवढी, पोलादाची. पायाखालचा ब्रेक आणि त्याचा लांब दांडा या खिळीनं जोडलेला. ही खीळ भट्टीत लाल करून तेलात विझवायची, म्हणजे ती कडक व्हायची. पण नुसती कडक खीळ ठिसूळ असते, जोराचा दाब आला की मोडते. म्हणून ती पुन्हा मंद आचेवर तापवून, हळूहळू निवू द्यायची. या दुसऱ्या आचेला वेळ लागायचा. रंगरावानं ती आच बंद केली.

"रंगराव, अण्णा असते तर हे झालं नसतं," भट्टीवरचा दगडू मिस्त्री म्हणाला.

"अण्णांच्या वेळी एवढं गिऱ्हाईक होतं का रे? दसरा उरकू दे. मग हवी तेवढी आच दे."

एवढं बोलून तो निघाला खरा, पण दारातच थबकला. घरची फेरी तर करायलाच हवी होती. लोक वाट बघत होते. रंगराव गुपचूप शेडच्या कोपऱ्यात गेला. तिथं एका डब्यात अण्णाच्या हातच्या जुन्या खिळी होत्या. त्यातली एक त्यानं उचलली, आणि फेरीची जी पांढरी हरणी होती, तिच्यात स्वतःच्या हातानं बसवली. बाकी सगळ्या गाड्यांत नव्या खिळी.

फेरी झोकात झाली. मागच्या सीटवर बायको इंदुमती होती आणि नवरात्राला माहेरी आलेली लेक कुंदा होती. कुंदाचं लग्न वैशाखातच झालं होतं, सासर वर घाटमाथ्यावर. वळणावळणाला ती खिदळत होती. खाली आल्यावर ढोल वाजले. "रीत म्हणजे रीत!" लोक म्हणाले. रंगराव हसला. रीत पाळली होती की नाही? पाळली होती. घरची माणसं बसवली होती की नाही? बसवली होती. असं तो स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगत राहिला. माणसाला एखादी गोष्ट स्वतःलाच इतक्यांदा सांगावी लागली, की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय.

फेरीची पांढरी घरीच राहिली, बाकी सगळ्या हरण्या दसऱ्याला गेल्या. आणि थोड्याच दिवसांत एक माणूस परत आला.

तो होता निवृत्ती शिंगटे. घाटमाथ्यावरचा भाजीवाला. टोमॅटो घेऊन घाट उतरताना त्याचा ब्रेक खटकन मोडला आणि पाय थेट तळाला गेला होता. हातब्रेक ओढून, गाडी दरडीला घासून तो कसाबसा वाचला होता.

"मालक, ही बघा खीळ. दोन तुकडे झालेत. माझं नशीब, म्हणून आज इथं उभा आहे."

रंगरावाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला सगळं कळलं. पण आसपास माणसं होती, दिवाळीची गिऱ्हाइकं होती. त्यानं आवाज चढवला. "अहो, ओझं किती भरता? आणि ब्रेकवर असे उभेच राहत असाल! गाडी चालवता येत नाही आणि दोष हरणीला?"

निवृत्ती त्याच्याकडे बघतच राहिला. मग खिळीचे तुकडे त्यानं खिशात टाकले. "बरं," म्हणाला आणि निघून गेला.

त्या दिवसापासून रंगरावाचं अन्न गोड लागेना. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. रस्त्यावर कुणी पळताना दिसलं तरी वाटायचं, झालं, कुठेतरी गाडी गेली. इंदुमती विचारायची, "अहो, काय होतंय तुम्हाला?" तर हा म्हणायचा, "कुठं काय? दमलोय." दगडूला त्यानं दुसरी आच पुन्हा सुरू करायला सांगितलं. पण विकल्या गेलेल्या गाड्या परत बोलवायच्या म्हणजे चारचौघांत चूक कबूल करायची. दिवाळी होऊ दे, मग बघू, असं त्यानं ठरवलं. आधी दसरा होऊ द्यायचा होता, आता दिवाळी!

दिवाळी आली. कुंदाची पहिली दिवाळी, जावयाचा दिवाळसण. घरात चकलीचा वास भरला होता. रंगराव ओसरीत बसला होता आणि जरा बरं वाटत होतं, कारण लेक आणि जावई एसटीनं येणार होते. इतक्यात फोन वाजला. इंदुमतीनं घेतला, आणि बोलता बोलता तिचा चेहरा असा फुलला की बघत राहावं.

"अहो, ऐकलंत का! जावईबापूंनी हरणी घेतलीय! दसऱ्यालाच घेतली, वरच्या पेठेतून. तुम्हाला चकित करायचं म्हणून बोलले नाहीत. कुंदानंच हट्ट धरला म्हणे. म्हणाली, माझ्या बाबांनी मला बसवून घाट उतरून दाखवलाय, आपण दुसरी कुठली गाडी घ्यायचीच नाही. विहीणबाई सांगत होत्या, आत्ताच निघाले दोघं!"

रंगराव उठला तो तसाच. चप्पलसुद्धा घातली नाही. तो पांढऱ्या हरणीत बसला आणि घाटाच्या दिशेनं सुसाट सुटला. इंदुमती दारात हाक मारत राहिली.

घाट चढताना त्याच्या डोळ्यांपुढं कुंदाचं खिदळणं येत होतं. देवा, एवढी एक वेळ सांभाळ. एकेक वळण आलं की तो मान लांब करून दरीत बघायचा. काही दिसलं नाही की जीव भांड्यात पडायचा आणि पुढचं वळण दिसलं की पुन्हा टांगणीला लागायचा.

अर्ध्या घाटात समोरून एक हरणी आली. निळी, कोरी करकरीत, दसऱ्याची माळ अजून पुढं सुकलेली. मधल्या वाडीची असणार. गाडीत नवरा-बायको आणि मागं पोरं. नव्या कपड्यांतली, खिडकीला चिकटलेली. पोरांनी रंगरावाला ओळखलं. घरची फेरी कुणी पाहिली नव्हती? "हरणीवाले काका!" ती ओरडली आणि हात हलवायला लागली.

रंगरावाचा पाय ब्रेकवर गेला. थांबवावं. आडवी घालावी गाडी. पण थांबायचं, सांगायचं, समजवायचं, वेळ जाणार. तिकडं वर कुंदा उतार धरत असेल. आणि सांगायचं तरी काय? माझी खीळ खोटी आहे, हे? परत येताना बघू, त्यानं मनात म्हटलं. त्यानं हात वर केला, पोरांकडे बघून हसला, हात हलवला आणि पुढं गेला. निळी हरणी खाली गेली.

घाटमाथ्यावर चहाची टपरी होती. टपरीपुढं रस्त्यावर एक माणूस आडवा उभा होता, आणि त्याच्यामागं हरण्या ओळीनं थांबलेल्या. त्यातल्या एकीला टेकून कुंदा उभी होती. हातात चहाचा ग्लास, कपाळावर आठ्या.

"बाबा! बरं झालं आलात. हे बघा ना, हे काका खाली जाऊच देत नाहीत!"

रंगरावानं लेकीला जवळ घेतलं आणि लहान मुलासारखा रडला. जावई बिचारा गोंधळून बाजूला उभा राहिला. मग रंगरावानं वर पाहिलं. आडवा उभा असलेला माणूस निवृत्ती शिंगटे होता. दिवाळीचा बाजार सोडून तो कालपासून तिथं उभा होता. येणारी प्रत्येक हरणी अडवायचा, खिशातले तुकडे दाखवायचा. कुणी ऐकलं, कुणी शिव्या घातल्या.

"निवृत्तीराव," रंगराव हात जोडून म्हणाला, "तुम्ही माझी लेक वाचवलीत."

"मला काय ठाऊक ती तुमची लेक? मी हरणी दिसली की अडवतो." निवृत्तीचा आवाज कोरडा होता. मग त्यानं घाटाकडं बघितलं. "वरच्या गाड्या मी धरल्या. पण मधल्या वाडीची निळी हरणी अर्ध्यातून उतरते, ती माझ्या हाती लागत नाही. तुम्ही त्याच रस्त्यानं आलात. भेटली असेल. थांबवलीत ना?"

रंगरावानं लेकीचा हात सोडला.

"बाबा?" कुंदा म्हणाली. "थांबवलीत ना?"

तो वळला आणि पांढऱ्या हरणीकडं धावला. निवृत्ती त्याच्या शेजारी येऊन बसला. मघाशी तो जशी एका लेकीसाठी दरी बघत होता, तशी आता परक्या पोरांसाठी बघत होता, आणि भीती तेवढीच होती. भीतीला आपलं-परकं कळत नव्हतं. मघाशी ते फक्त त्याला कळलं होतं.

पायथ्याजवळच्या वळणावर निळी हरणी दिसली. नवऱ्यानं शहाणपणानं ती दरीकडं न जाऊ देता डोंगरात घातली होती. पुढचा भाग चेपला होता. नवरा रस्त्यात बसला होता, त्याचा हात मोडून लोंबत होता. धाकट्या पोराच्या कपाळातून रक्त येत होतं. पण सगळी जिवंत होती. रंगराव गाडीतून उतरून त्यांच्याकडं धावला.

पोराच्या कपाळाला पदर दाबून धरलेली बाई त्याच्याकडं बघत होती. ती चिडली असती, ओरडली असती, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं.

"वर उताराला ब्रेक जरा सैल लागला होता," ती म्हणाली. "मी ह्यांना म्हटलंही, थांबा, बघा एकदा. तेवढ्यात तुम्ही भेटलात. हसलात, हात केलात. मग मीच म्हटलं, अहो चला, खुद्द मालक हात करतायत, गाडीला काय होतंय!"

रंगरावानं मान खाली घातली. आपल्या उजव्या हाताकडं, ज्या हातानं त्यानं निरोप दिला होता, त्या हाताकडं तो परक्याचा असल्यासारखा बघत राहिला.

त्यांना दवाखान्यात पोचवून तो अनवाणीच चावडीवर गेला आणि भर दिवाळीत सगळ्यांसमोर बोलला. खीळ माझी खोटी. फेरीच्या गाडीत मी चांगली बसवली आणि तुमच्या गाड्यांत खोटी. एकही हरणी हलवू नका. मी दारात येऊन खिळी बदलून देतो. लोक त्याला नाही नाही ते बोलले, आणि त्यानं ते ऐकून घेतलं. मग महिनोन्महिने तो आणि दगडू गावोगाव फिरले. पुढच्या दसऱ्याला एकानंही हरणी घेतली नाही. त्याच्या पुढच्या दसऱ्याला थोड्यांनी घेतली.

घरची फेरी मात्र पुन्हा सुरू झाली, पण एक बदल करून. फेरीची गाडी आता मालक निवडत नाही. निवृत्ती शिंगटे येतो, रांगेतून डोळे झाकून एकीवर हात ठेवतो, आणि त्याच गाडीत कुंदा आपल्या लेकराला मांडीवर घेऊन बसते. घाट उतरेपर्यंत रंगरावाचा जीव कासावीस होतो. रस्त्याकडेची पोरं हात हलवतात. खाली पोचून ब्रेक लागेपर्यंत तो काही कुणाला हात करत नाही.

तात्पर्य: ज्या गाडीत आपलं माणूस बसवताना छाती धडधडते, ती दुसऱ्याच्या दारात उभी करू नये, आणि धोका ठाऊक असताना हसून हात करणारा माणूस मोडक्या खिळीपेक्षा जास्त घात करतो.