पारावरचं पागोटं

फार जुनी गोष्ट, इतकी जुनी की त्या गावाचं नाव आता कुणालाच आठवत नाही. मुलांनो, ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही तर नीट कान देऊन ऐका.

त्या गावात पारावर एक दगड होता. बाजाराच्या दिवशी ज्यानं आपलं पागोटं त्या दगडावर ठेवलं, त्यानं मनात येईल ते बोलावं. बाईनं डोक्यावरची पाटी ठेवावी. ती वस्तू उचलेपर्यंत इतर कुणी तोंड उघडायचं नाही, अशी रीत. राजाला शिव्या दिल्या तरी चालत. गावाला या रीतीचा मोठा अभिमान, आणि का नसावा?

एका वर्षी गुरं पटापट मरू लागली. तेव्हा वरच्या आळीतल्या तुळाजी नावाच्या माणसानं पागोटं ठेवलं आणि म्हणाला, "ओढ्यात अंबाडी कुजवणारे ते दोरवाले आपलं पाणी मुद्दाम नासवतात." पुरावा? छे! उचलली जीभ, लावली टाळ्याला. दोरवाले उत्तर द्यायला उभे राहिले, पण या पठ्ठ्यानं सूर्य बुडेपर्यंत पागोटं उचललंच नाही. पुढच्या बाजारी तेच. तिसऱ्या बाजारी तो म्हणाला, "उद्या दुपारी चुडी पेटवून या. त्यांची एकही झोपडी उभी राहता कामा नये."

दोरवाल्यांतल्या यसूचा नवरा धावत पाटलांकडे गेला.

"पाटीलबाबा, तो आमच्या जिवावर उठलाय. दिवस सांगितला, वेळ सांगितली. त्याला आवरा."

पाटील माणूस भला, पण रीतीपुढे हात जोडून उभा राहणारा. म्हणाले, "अरे, बोलण्यानं कुणाचं घर जळतं का? आज त्याला अडवलं, तर उद्या तुलाही अडवावं लागेल."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सगळी वस्ती जळाली. यसूचा नवरा म्हाताऱ्या आईला काढायला आत गेला, तो बाहेर आलाच नाही.

पाटील ढसाढसा रडले. खोटं नाही, मनापासून रडले. आणि मग बैल गेला नि झोपा केला! त्यांनी दवंडी पिटवली, की यापुढे कुठल्याही आळीचं मन दुखेल असं पारावर कुणी बोलायचं नाही. मन दुखलं की नाही, ते पाटील आणि गावातले चार प्रतिष्ठित ठरवतील, आणि बोलणाऱ्याला मध्येच थांबवतील. त्या चौघांत तुळाजीही बसला. अर्धं गाव त्याच्या मागं होतं, त्याला वगळायची छाती कुणाची? चुडी कुणी लावल्या याची चौकशी मात्र राहूनच गेली.

पुढच्या बाजारी यसू आली. तिनं पाटी दगडावर ठेवली.

"वरच्या आळीच्या माणसांनी माझा नवरा जाळला. मी त्यांची तोंडं पाहिलीत, नावं सांगते. मला न्याय द्या."

"थांब!" तुळाजी ओरडला. "आमच्या आळीचं नाव घेतलंस. आमची मनं दुखली."

पाटलांनी मान खाली घातली. नियम त्यांनीच केलेला. "यसू, पाटी उचल, बाई," ते हळूच म्हणाले.

यसू हलली नाही. म्हणाली, "पाटीलबाबा, तो आग लावा म्हणत होता तेव्हा तुम्हाला रीत आठवली. त्यांनी आग लावली असं मी म्हणते, तर नियम आठवला. आम्ही जगावं कधी, तेवढं सांगा."

यसू त्याच दिवशी गाव सोडून गेली. तिच्या नवऱ्याचा न्याय कधीच झाला नाही.

त्यानंतर पारावर शांतता झाली. लोक म्हणत, बघा, गाव कसं गुण्यागोविंदानं नांदतंय. नांदतंय कसलं डोंबलाचं! आता विणकरांबद्दल तसलंच विष चुलीपाशी आणि पाणवठ्यावर कुजबुजत फिरत होतं, आणि ते खोडून काढायला कुणाला जागाच नव्हती. दोन वर्षांनी लोक विणकरांच्या आळीवर धावून गेले. या वेळी आधी उघडपणे कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, म्हणून विणकरांना पळायलाही वेळ मिळाला नाही. अकरा माणसं गेली. पाटील त्यांच्या प्रेतांपाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते, "कुणी केलं रे हे?" सगळ्यांना माहीत होतं. पण नियमाला भिऊन एकानंही तोंड उघडलं नाही.

म्हणून बाबांनो, घर पेटवा म्हणणाऱ्याचं तोंड वेळीच धरावं, पण घर पेटलं म्हणून ओरडणाऱ्याचं तोंड कधीही दाबू नये.