न पाहिलेल्या पुलाची साक्ष

मुलांनो, न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणाऱ्याला देव क्षमा करील का?

एकदा केरबा आजारी लेकीचे औषध घेऊन मोटारसायकलीवरून घरी निघाला. हँडलवरचा बोलका नकाशा म्हणाला, “सरळ चला, पुढे पूल आहे.”

चाकाला ओली वाळू लागताच मोटारसायकल संतापली. “मेल्या, ठाऊक नसेल तर तसे सांग! तिकडे पोर तापाने फणफणली आहे.”

“धुळीत लोळणारी तू मला शिकवणार?” नकाशा हसला.

पूल पुरात केव्हाच वाहून गेला होता. मोटारसायकलीने काठावर इंजिन बंद पाडून धन्याचा जीव वाचवला. पण माघारी वळसा घेण्यात दिवस मावळला आणि तापाने लेकीची वाचा कायमची गेली.

केरबाने नकाशाचा आवाज बंद केला. आता तो वाट माणसांना विचारतो, आणि मुका नकाशा ते ऐकत हँडलवर बसून असतो.