झिपरूच्या दोन सुऱ्या

शाळेच्या डायरीत बाईंनी लिहिलं होतं, ‘शाल्मली सांगितलेलं अगदी शब्दशः करते.’ झालं, माझी झोप उडाली. परवा हिला म्हटलं, ‘पाठ ताठ ठेव’, तर ही वरणभातापर्यंतसुद्धा वाकेना. हे माझ्याकडूनच आलं असणार. सकाळी वेणी घालताना म्हटलं, गोष्टीतून शिकवावं. सुरीची गोष्ट सहा वर्षांच्या मुलीला सांगावी का, हे पालकत्वाच्या पुस्तकात सापडलं नाही.

जंगलाच्या कडेला एका गावात झिपरू नावाचा एक भोळा वनमजूर राहायचा. एके दिवशी वनखात्याच्या साहेबांनी त्याच्या हातात दोन सुऱ्या ठेवल्या. एक आठ वर्षांची जुनी, लाकडी मुठीला तार गुंडाळलेली. दुसरी कोरी, काळ्या रबरी मुठीची.

“आठ दिवस वापर. कुठली बरी ते सांग. नीट सांगितलंस तर तुला कायम करतो.”

“बरं साहेब!”

झिपरूने दोन्ही सुऱ्या तशाच कमरेला खोचल्या. धोतर टराटरा फाटलं.

बायको तानी म्हणाली, “अहो, रानातून आणायचं ते म्यानात घालून आणावं!”

“बरं!”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मध मागवला. झिपरूने तो म्यानात भरून आणला.

साहेब ओरडले, “गाढवा, हत्याराचं म्यान ते! हत्याराचा मान राखावा!”

“बरं!”

तिसऱ्या दिवशी साहेब करवंदीच्या जाळीत अडकले. “झिपरू, सुरी काढ!”

झिपरूने सुऱ्या काढल्या. दगडावर मांडल्या. हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि हात जोडून उभा राहिला.

“अरे, काप की!”

“मान राखतोय साहेब.”

साहेब कसेबसे सुटले. अंगावर सदऱ्याची फक्त कॉलर उरली होती. म्हणाले, “पूजा पुरे! दोघींना सारखं वागव. एकीला जे झालं, ते दुसरीलाही व्हायला हवं. त्याशिवाय तुलना कशी होणार?”

“बरं!”

आठव्या दिवशी झिपरू आला. तानी दाराशी देव पाण्यात ठेवून उभी.

“बोल, कुठली बरी?”

“साहेब, जुनीला आठ वर्षं मार बसला होता. नवीला मी पाच दिवसांत तेवढाच दिला. दगडावर घासली, नारळ ठोकले, रबरी मूठ काढून जुनी लाकडी बसवली, वर तार गुंडाळली. आता दोघी डिट्टो सारख्या!”

“यातली नवी कुठली?”

“तेच विचारायला आलोय साहेब.”

गोष्ट संपवून मी हसले. शाल्मली हसली नाही.

“बघ, झिपरूने नुसतं ऐकलं, विचार केला नाही,” मी म्हटलं. “तू काय केलं असतंस?”

शाल्मली आरशात बघत म्हणाली, “मी आधी साहेबांना विचारलं असतं, नवीला जुनी करू की जुनीला नवी?”