पाडकामाचे भूमिपूजन

ही गोष्ट एकाच लहानशा नगरात घडली, की दोन नगरांतल्या दोन गोष्टी स्मरणात एकमेकींत मिसळून गेल्या, हे आता छातीठोकपणे सांगवत नाही. कुणाच्या तोंडी नेमके कोणते शब्द होते, याविषयीही मनात शंका आहे. पण जी कृती घडली ती घडलीच. तिच्याविषयी संशय नाही.

त्या नगरात एक वृद्ध गुरुजी राहत. त्यांचा एक शिष्य पुढे नगराध्यक्ष झाला. सत्ता हाती येताच त्याने पहिले काम केले ते कृतज्ञतेचे. गावातून वाहणारा ओढा त्याने मोठ्या नळ्यांत घातला, वर स्लॅब टाकला आणि त्यावर देखणे सभागृह उभारून त्याला गुरुजींचे नाव दिले. उद्घाटनाला गुरुजी आले, चार शब्द बोलले आणि चालत घरी गेले. शिष्याला वाटले, जन्माचे सार्थक झाले.

पुढे हवामान पालटले. आठवडाभर रिपरिपणारा पाऊस एकाच दुपारी कोसळू लागला. अशाच एका दुपारी नळ्या तुंबल्या, पाणी उलटले आणि खालच्या कोष्टीआळीत शिरले. विणकर ज्यात पाय सोडून बसतात ते मागांचे खड्डे काठोकाठ भरले. मागावर चढवलेली लुगडी चिखलाने माखली. एका म्हाताऱ्याला तर खड्ड्यातून ओढूनच बाहेर काढावे लागले.

पावसाळा सरल्यावर हवामान बदलावरील उपायांसाठी नगरपरिषदेची विशेष सभा भरली. चौकाचौकात सौरदिवे बसवायचे ठरले. भिंतींवर पृथ्वीची चित्रे काढायचे ठरले. मुख्य काम होते कोष्टीआळीच्या कडेने उंच संरक्षक भिंत बांधण्याचे. सभागृहाला लागून, त्याच ओढ्यावर, एका व्यापाऱ्याचे गोदाम होते आणि व्यापारी स्वतः नगरसेवक होता. भिंतीची कल्पना त्याला फार आवडली.

"अडलेलं पाणी जाईल कुठे?" एका सदस्याने विचारले.

"पलीकडच्या काठाला."

"तिथेही माणसंच राहतात, शेठ."

"राहतात की. पण ती हद्द ग्रामपंचायतीची आहे."

सभेत हशा पिकला. कोष्टीआळीतून गाऱ्हाणे घेऊन आलेली चंद्राक्का मात्र हसली नाही. "भिंत द्या, नाहीतर होडी द्या," ती म्हणाली, "पण आखाडाच्या आत द्या. आणखी एकदा माग बुडाले, की ते मोडून आम्ही भिवंडीला जाणार. मग तुमची भिंत कुणाला राखायची ते तुम्हीच ठरवा."

नगराध्यक्षाला खरा उपाय ठाऊक नव्हता असे नाही. अभियंत्याने त्याला खाजगीत सांगितले होते, नळ्या काढा आणि ओढा मोकळा करा. पण ओढ्यावर गुरूंच्या नावाचे सभागृह उभे होते. ते राखून गोदाम पाडावे, तर लोक तोंडावर हसले असते. आणि ज्या हातांनी ते नाव वर चढवले, त्याच हातांनी ते उतरवायचे कसे? त्याला झोप लागेना. शेवटी तो गुरुजींकडे गेला. सभागृहाचे नाव त्याने काढलेच नाही. "भिंत बांधतो आहोत," एवढेच तो म्हणाला.

गुरुजींनी विचारले, "भूमिपूजन केव्हा?"

"सोमवारी."

"मी येईन. कुदळ मी मारतो. जागा मात्र मी सांगेन ती."

"भिंतीची आखणी झाली आहे, गुरुजी."

"होऊ दे. म्हाताऱ्या माणसाला पूजेची जागा तरी ठरवू दे की."

सोमवारी मांडव उभा राहिला, सनई लागली. गुरुजी आले, आणि भिंतीसाठी आखलेल्या चुन्याच्या रेषा ओलांडून थेट ओढ्याच्या वरच्या अंगाला, सभागृहापाशी गेले. पायरीशी कष्टाने बसले. हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, उठले आणि कुदळ उचलून पायरीवरच घातली.

"मास्तरांना दिसत नाही वाटतं," व्यापारी म्हणाला. "अरे, कुणीतरी हात धरा त्यांचा."

दुसऱ्या घावासरशी फरशी तडकली. शिष्य धावला. "गुरुजी, हे आपलं सभागृह आहे."

"म्हणून तर कुणाला विचारावं लागलं नाही."

"पण भूमिपूजन बांधकामाचं असतं. पाडकामाचं कुणी करतं का?"

गुरुजी धापा टाकत त्याच पायरीवर टेकले. म्हणाले, "भूमिपूजनात आपण काय म्हणतो? आई, तुझ्या अंगावर घाव घालतो आहे, क्षमा कर. आजवर आपण क्षमा मागत गेलो आणि बांधत गेलो. तिचं तिला परत देताना कधी नारळ फोडला नाही. त्यामुळे परत देणं हेही काम असतं, हे आपण विसरलो. तू सौरदिवे जरूर लाव. बिघडलेली हवा निवळायला पिढ्या जातील, ते काम नातवंडांसाठी. हे काम येत्या आषाढासाठी. पाऊस आता आपलं ऐकणार नाही. त्याची जागा त्याला सोडणं आपल्या हाती आहे. पण सोडायची म्हटली की प्रत्येकाला शेजाऱ्याची जागा आधी दिसते. तुला शेजाऱ्याकडे बोट दाखवता येईना, कारण मध्ये माझं नाव होतं. ते मी काढलं. आता कुदळ तू घे."

शिष्याने कुदळ घेतली. त्याचे डोळे भरले होते. पण घाव त्याने नेमका पायरीवरच घातला.

"आणि कोनशिला?" व्यापाऱ्याने विचारले. "पाडकामाची कोनशिला कुठे बसवायची?"

"ओढ्यात टाका, शेठ," गुरुजी म्हणाले. "बायकांना धुणं धुवायला होईल."

सभागृह गेल्यावर गोदाम राखायला व्यापाऱ्याजवळ कारण उरले नाही. कुरकुरत का होईना, त्यानेही जागा सोडली. वळीव येण्यापूर्वी नळ्या निघाल्या, पात्र रुंद झाले, आणि भिंत बांधण्याची गरजच पडली नाही.

त्या आषाढात एका दुपारी पाऊस कोसळला. ओढा दोन्ही काठ धरून वाहिला, आणि कोष्टीआळीत मागांचा खटखटाट दिवसभर चालू राहिला. व्यापारी भेटेल त्याला सांगू लागला, "त्या वर्षीसारखा पाऊस आलाच कुठे? माझं गोदाम उगाच गेलं." पुष्कळांना ते पटले. खुद्द नगराध्यक्षाच्या मनातही ती शंका कुसळासारखी राहिली. पण गुरुजींपाशी ती बोलून दाखवण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

गुरुजी गेले, शिष्याचेही पद गेले. कित्येक वर्षांनी, केस पांढरे झाल्यावर, तो एकदा पर्जन्यमापन केंद्रात गेला आणि त्याने दोन्ही दुपारच्या पावसाचे आकडे पडताळून पाहिले. आळी बुडाली त्या दुपारपेक्षा, माग चालू राहिले त्या दुपारी पाऊस जास्त पडला होता.